घरच्या संगणकासाठी मुक्तस्रोत सिस्टिम : निवडीच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

घरच्या डेस्कटॉपवर आधीपासून असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरक्षा अपडेट बंद झाली आहेत आणि तिची नवी आवृत्ती या मशीनवर चढत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे. चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी आणि फोटो-कागदपत्रांसाठी १ टीबीची जुनी हार्डडिस्क. एवढं चांगलं यंत्र टाकून द्यायला माझं मन धजत नाही. कामावर लिनक्स (सगळ्यांना कोड खुला असलेली सिस्टिम) रोज वापरते, पण घरात कधी आणलं नव्हतं. आता आणायचं.

वापरणारे चौघं. बाबा रोज दोन-तीन तास मराठीत लिहितात. आईला व्हिडिओ कॉल, बँकेचं काम आणि छपाई लागते. मुलीचा अभ्यास आणि चित्रं. उरलेला वेळ माझा.

तपासायच्या सिस्टिम ठरवल्या: लिनक्स मिंट २२.२, डेबियन १३, फेडोरा ४३, ओपनसूसे टंबलवीड आणि लिनक्सच्या घराण्याबाहेरची एक म्हणून फ्रीबीएसडी १४.३. एक गोष्ट आजच लिहून ठेवते. सगळं सुरळीत चालू असताना कुठलीही सिस्टिम छानच वाटते. म्हणून जी जी बसवेन ती मी मुद्दाम बिघडवणार आहे आणि परत उभी करायला काय काय लागतं ते इथे टिपणार आहे. दिसणं आणि वेग यांचे गुण त्यानंतर.

२ नोव्हेंबर, रविवार

कामाला हात लावण्याआधी डिस्कची तब्येत पाहिली. हार्डडिस्क स्वतःच्या चुकांची नोंद स्वतः ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ या ओळीपुढे १६ आकडा होता. म्हणजे सोळा जागी पृष्ठभाग निकामी झाला आणि डिस्कने त्या जागा बाद करून राखीव जागा वापरायला घेतल्या. सोळा हा आकडा फार मोठा नाही. पण दुपारी फोटो कॉपी करून झाल्यावर पुन्हा पाहिलं तर २४. आकडा नुसता असणं वेगळं आणि दोन तासांत वाढणं वेगळं.

बाकी सगळं थांबवलं. संध्याकाळपर्यंत सगळे फोटो आणि बाबांचं सगळं लिखाण दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, दोन्हींवरच्या फाइली उघडून पाहिल्या आणि जुनी हार्डडिस्क मशीनमधून काढून ठेवली. सिस्टिम बदलायची ठरवली नसती तर ही ओळ कुणी वाचलीही नसती.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाचही सिस्टिमच्या आयएसओ फाइली, म्हणजे ज्यांवरून सिस्टिम बसवतात त्या, उतरवल्या. प्रत्येकीची एसएचए-२५६ बेरीज ताडून पाहिली. ही चौसष्ट अक्षरांची ओळ असते आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळी ओळ बदलते. चार जुळल्या. टंबलवीडची पहिल्या अक्षरापासूनच वेगळी आली. आधी वाटलं, चुकीच्या ओळीशी ताडतेय. मग फाइलचा आकार पाहिला, तर मूळ फाइलीपेक्षा थोडा लहान. डाउनलोड मध्येच तुटलं होतं आणि ब्राउझरने ते पूर्ण झालं असं समजून सोडून दिलं होतं. पुन्हा उतरवली, जुळली. ही अर्धवट फाइल पेनड्राइव्हवर लिहून बसवायला घेतली असती तर अडखळल्यावर सगळा दोष मी सिस्टिमला दिला असता.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मिंट, डेबियन आणि फेडोरा नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवल्या, एसएसडीला हात न लावता. लाइव्ह सेशनमध्ये मिनिटाभरात कळतं की आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, मशीन झोपून पुन्हा जागं होतं का. तिन्हींत हे सगळं जमलं.

वायफाय मात्र तिन्हींत बंद. चिप बनवणाऱ्या कंपनीने तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, खुला केलेला नाही, त्यामुळे तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नाही, वेगळा घ्यावा लागतो. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, असा पेच. तो सुटला फोनमुळे. फोन यूएसबी केबलने जोडला, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि क्षणात नेट आलं. हे तिन्ही सिस्टिममध्ये चाललं. ज्याला वायफाय अडवतंय त्याने सगळ्यात आधी हेच करून पाहावं.

फेडोराला इथेच निरोप दिला. सुबक आहे, नवं तंत्र सगळ्यांत आधी तिच्यात येतं, आणि माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर मी ती आनंदाने ठेवेन. पण प्रत्येक आवृत्तीला साधारण १३ महिन्यांचाच आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, मिळतो. घरातल्या चौघांच्या हातचं मशीन दर वर्षी नव्या आवृत्तीवर न्यायची माझी तयारी नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एसएसडीचे तीन भाग पाडून मिंट, डेबियन आणि टंबलवीड बसवल्या. फ्रीबीएसडीसाठी जुन्या लॅपटॉपमधली १२० जीबीची एसएसडी लावली.

मिंट वीस मिनिटांत उभी राहिली, काही विचारावं लागलं नाही. तिचं ड्रायव्हर मॅनेजर उघडलं, वायफायच्या चिपचं नाव समोर, एक टिचकी, रीस्टार्ट, संपलं. पहिल्यांदाच लिनक्सकडे येणाऱ्या माणसासाठी याहून सोपी वाट मला माहीत नाही.

डेबियन बसवताना एक चूक झाली. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारतो, मी तो भरला. तो भरला की पहिल्या वापरकर्त्याचं नाव सुडोच्या गटात, म्हणजे रूटची कामं करता येणाऱ्यांच्या गटात, जात नाही, रिकामा सोडला तरच जातं. तिथल्या पडद्यावर हे लिहिलेलं असतं. मी घाईत वाचलं नव्हतं. पुढे पहिलंच काम करायला गेले तर नकार. रूट म्हणून शिरून स्वतःला गटात घातलं, बाहेर येऊन पुन्हा लॉगिन केलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मराठीचा दिवस. माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी परीक्षा होती, म्हणून बाबांनाच खुर्चीत बसवलं.

बाबा इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळरचनेवर, लिहितात, कीबोर्डकडे न बघता. बोटांना सवय इतकी की एक कळ जरी इकडची तिकडे झाली तरी ते थबकतात. मी त्यांना एक ओळ दिली: ‘तऱ्हेतऱ्हेच्या डोंगरदऱ्या, सुऱ्या आणि सूर्या.’ यात मराठीची मेख आहे. ‘सुऱ्या’मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा आडवा पडतो आणि ‘सूर्या’मधला डोक्यावर रफार होऊन बसतो. आवाज वेगळा, अर्थ वेगळा. इनस्क्रिप्टवर पहिल्यासाठी शिफ्ट धरून र दाबायचा म्हणजे ऱ येतो, मग हलन्त, मग य. बाबांनी ओळ सरसर लिहिली, चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “अगं, दोन्ही र आपापल्या जागी आहेत.” तिन्ही लिनक्सवर हेच झालं.

मग त्यांना ल आणि श खटकले. हिंदी वळणाचे दिसत होते. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी वळण उमटतं. लिबरऑफिसच्या पर्यायांत जाऊन मजकुराची मूळ भाषा हिंदीवरून मराठी केली. ज्या फॉन्टमध्ये सोय होती तिथे ल आणि श डोळ्यांदेखत बदलले. बाबा म्हणाले, “हा आपला ल.” मला हे वाक्य जपून ठेवावंसं वाटलं, म्हणून इथे लिहिलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबांच्या जुन्या फाइली. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) घरोघरी येण्याआधी त्यांनी जे लिहिलं ते अशा फॉन्टमध्ये आहे जिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. जुना फॉन्ट घरच्या खात्याच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकल्यावर मजकूर दिसला, पण तो शोधता येत नाही आणि दुसरीकडे चिकटवला की पुन्हा कचरा.

रूपांतरासाठी पायथनमध्ये छोटी आज्ञावली लिहायला घेतली. अक्षरामागे अक्षर बदलणं सोपं. अवघड ते क्रमाचं. ‘विहीर’ लिहिताना जुन्या फाइलीत आधी पहिली वेलांटी येते आणि मग व, कारण ती दिसते तशी टंकलेली. युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. रफाराचं उलट: जुन्या फाइलीत ‘सूर्य’चा रफार य नंतर, युनिकोडमध्ये र आणि हलन्त य च्या आधी. ‘स्थिती’सारख्या शब्दात तर वेलांटीला संपूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे जावं लागतं. रात्री साडेअकरापर्यंत पहिली फाइल नीट निघाली. उरलेल्या पुढच्या आठवड्यांत थोड्या थोड्या करते. कुठलीही सिस्टिम निवडली तरी हे काम वाया जाणार नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बिघडवण्याचा दिवस. सगळीकडे एकच घाव घातला: पडद्यावर चित्र उभं करणारी पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, काढून टाकली आणि रीस्टार्ट केलं. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन, बस.

टंबलवीडने चकित केलं. ती बीटीआरएफएस फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली ठेवायच्या एका पद्धतीवर) बसते आणि पॅकेजमध्ये काहीही बदल करण्याआधी व नंतर स्वतःहून स्नॅपशॉट, म्हणजे त्या घटकेची प्रत, घेते. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, मेनूत सकाळचा स्नॅपशॉट दिसला, तो निवडला, जुना डेस्कटॉप समोर. मग एका आज्ञेने तोच कायमचा केला. चार मिनिटं.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट या सिस्टिमची प्रत ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने आदल्या दिवशी घेतलेली प्रत होती. काळ्या पडद्यावरच टाइमशिफ्ट चालवलं, तारीख निवडली. वेळ जास्त लागला, पण कुठेही अडलं नाही. अट एकच, टाइमशिफ्ट आधी चालू केलेलं हवं.

डेबियनवर मी मुद्दाम कुठलीच प्रत ठेवली नव्हती. ॲप्ट, म्हणजे पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन, मात्र आपल्या प्रत्येक कामाची नोंद तारखेसह ठेवतं. ती फाइल उघडली, शेवटच्या नोंदीत काढलेल्या पॅकेजांची नावं ओळीने होती. तीच नावं पुन्हा बसवायला सांगितली. नेट केबलने जोडलेलं होतं म्हणून जमलं, नाहीतर पेनड्राइव्ह लागला असता.

फ्रीबीएसडीवर झेडएफएस फाइल सिस्टिम आहे. घाव घालण्याआधी तिच्यात बूट एन्व्हायर्नमेंट करून ठेवलं होतं, म्हणजे चालत्या सिस्टिमची त्या घटकेची प्रत. सुरू होतानाच्या मेनूत तीच निवडली आणि काम झालं. टंबलवीडइतकंच सोपं, आणि पडद्यामागे काय चाललंय ते जास्त स्पष्ट.

३० नोव्हेंबर, रविवार

फ्रीबीएसडीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिने मला गुंतवून ठेवलं. लिनक्स म्हणजे नेमका कर्नल. त्याभोवतीची साधनं वेगवेगळ्या हातांनी बनतात आणि मिंट, डेबियनसारखी प्रत्येक डिस्ट्रो त्यांची मोट बांधते. फ्रीबीएसडीत कर्नल आणि पायाची साधनं एकाच चमूने एकत्र वाढवलेली आहेत आणि बाहेरून बसवलेलं सगळं वेगळ्या फोल्डरात राहतं. त्यामुळे कुठली वस्तू कुठे असेल याचा अंदाज बांधला की तो खरा ठरतो. तिचं हँडबुक हे मी वाचलेल्या उत्तम तांत्रिक लेखनांपैकी आहे. पाच पानं वाचून मी ग्राफिक्स उभं केलं, कुणाला काही विचारावं लागलं नाही.

घरासाठी तिला नाही म्हणावं लागतंय. वायफायची चिप तिला ओळखताच येत नाही, आणि आईचा व्हिडिओ कॉल ज्या प्रोग्रॅमवर चालतो तो तिच्यासाठी बनवलेला नाही. ही १२० जीबीची एसएसडी तशीच ठेवणार आहे. माझा स्वतःचा अभ्यास तिच्यावर.

६ डिसेंबर, शनिवार

छपाई तिन्ही लिनक्सवर काही न बसवता झाली. आताचे बरेच प्रिंटर नेटवर्कवर स्वतःची ओळख सांगतात आणि कप्स हे छपाई सांभाळणारं साधन ते ऐकून घेतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. स्कॅनिंगसाठी फक्त एक पॅकेज लागलं.

टंबलवीड आठवडाभर उघडली नव्हती. आज अपडेट करायला गेले तर शेकडो पॅकेजं रांगेत. तिचा धर्मच तो, नवं आलं की लगेच. स्नॅपशॉट आहेत म्हणून भीती नाही, पण घरातली माणसं ज्या मेनूला सरावतात तो पुढच्या आठवड्यात किंचित वेगळा दिसू शकतो. आईला आज मेनूतला एक बदल नडला. “काल इथे होतं ना गं?” एवढंच म्हणाली. बिघडलेलं परत आणण्यात टंबलवीड सगळ्यांत पुढे आहे, हे मी मान्य करते. तरी ती या घरासाठी नाही.

उरल्या मिंट आणि डेबियन.

७ डिसेंबर, रविवार

डेबियनला एक जड घाव घातला, खरं तर ते कितपत सावरतं यापेक्षा मला कितपत सावरता येतं ते बघायला. बूट फोल्डरातली इनिटआरडी फाइल उडवली. कर्नलला खरी डिस्क सापडेपर्यंत लागणारी शिदोरी या फाइलीत असते. रीस्टार्ट केलं. ग्रबने, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमने, फाइल सापडत नाही म्हणून सांगितलं, मी एक कळ दाबली, कर्नल सुरू झाला आणि मूळ फाइल सिस्टिम जोडता येत नाही असं म्हणून जागच्या जागी थिजला.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. डेबियनचा भाग एका फोल्डरला जोडला. त्यावर डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन चालते फोल्डर आणून बसवले. मग चरूट केलं, म्हणजे पेनड्राइव्हवर बसूनच आजारी सिस्टिमच्या आत शिरले. तिथून इनिटआरडी नव्याने बनवायची आज्ञा दिली. पंधरा-वीस सेकंद काहीच हललं नाही, मग एक ओळ उमटली आणि संपलं. बाहेर आले, पेनड्राइव्ह काढला, सुरू केलं. लॉगिनचा पडदा.

पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली. लगेच पुन्हा मोडलं आणि पुन्हा केलं, नऊ मिनिटं. सगळ्या पायऱ्या संगणकाशेजारच्या वहीत हाताने लिहून ठेवल्या, कारण मशीन बंद पडल्यावर मशीनमधल्या नोंदी वाचता येत नाहीत.

१३ डिसेंबर, शनिवार

निर्णय: डेबियन १३, एक्सएफसीई डेस्कटॉपसह.

आईचं मत मिंटला होतं आणि ते विनाकारण नव्हतं. मिंटचा मेनू जास्त समजूतदार आहे, अपडेटची खिडकी नीट समजावून सांगते, २२ मालिकेला २०२९पर्यंत आधार आहे. घरात दुरुस्ती करणारं कुणी नसेल तर मी मिंटच सुचवेन, पुढेही. पण या घरात मी आहे. मिंट उबुंटूवर उभी आहे आणि उबुंटू डेबियनवर. मला मुळाशीच राहायचं आहे, मध्ये जितके थर कमी तितकं काय बिघडलं ते शोधणं सोपं.

दुसरं कारण माझ्या जास्त जवळचं आहे. डेबियन कुणा कंपनीच्या मालकीची नाही. इयन मरडॉकने १९९३मध्ये ती सुरू केली, १९९७मध्ये प्रकल्पाने आपला सामाजिक करार लिहून काढला, आणि आजही तिचा प्रमुख दर वर्षी तिचे डेव्हलपर मतदानाने निवडतात. तो करार मी आज पुन्हा वाचला. अडचणी लपवणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बाबांचं आयुष्यभराचं लिखाण ज्या यंत्रात राहणार, त्याबद्दल असं वचन मला हवं होतं.

तिसरं, स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी बदलते आणि आधार तीन वर्षं, वर दीर्घकालीन आधाराची दोन. मधल्या काळात फक्त दुरुस्त्या येतात. आईचा मेनू जागेवर राहील.

एक्सएफसीई घेतलं ते हलकं म्हणून. लॉगिन झाल्यावर १ जीबीच्या आतच रॅम लागते, ब्राउझरला मोकळी जागा उरते.

१४ डिसेंबर, रविवार

एसएसडी पूर्ण पुसून डेबियन नव्याने बसवली. या वेळी रूटचा पासवर्ड रिकामा सोडला. वायफायचा तो खुला नसलेला ड्रायव्हर बसवला नाही. भिंतीच्या कडेने नेटची केबल आणली, आता कर्नलमध्ये बाहेरचं काही नाही. टाइमशिफ्ट चालू केलं, रोजची एक प्रत, शेवटच्या पाच ठेवायच्या. टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, घरच्या फाइली नाही, म्हणून त्यांचा बॅकअप वेगळा, दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर. चौघांची चार खाती केली. सुडो फक्त माझ्याकडे.

आईच्या डेस्कटॉपवर मिंटसारखाच मेनू लावून दिला, व्हिस्कर नावाचा. तो तिला चालला.

२१ डिसेंबर, रविवार

जुन्या फाइलींपैकी ६३ झाल्या, ४१ बाकी. बाबांनी एक रूपांतरित फाइल वाचून त्यात तीन चुका काढल्या, तिन्ही ‘क्ष’च्या. आज्ञावलीतला अक्षरांचा तक्ता सुधारला, ६३ पुन्हा चालवल्या.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

दुपारी मी कामावर असताना मुलीच्या खात्यातलं पॅनल नाहीसं झालं. खाली पट्टी नाही, मेनू नाही. तिने मला फोन केला नाही. शेजारची वही उघडली, ‘पॅनल गेलं तर’ हे पान काढलं, ऑल्ट आणि एफ-टू दाबून पॅनलचं नाव लिहिलं, पॅनल आलं. संध्याकाळी मी वही पाहिली तर माझ्या पायऱ्यांखाली तिच्या अक्षरात पेन्सिलीने एक ओळ होती: ‘नावातली मधली रेघ विसरू नका, मी विसरले होते.’